चटईखालची सकाळ

मी एक जुनी चटई आहे. थांबा, मित्रांनो! चटई म्हटल्याबरोबर लगेच बूड टेकायला निघालात ना? माझ्यावर बसायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. मी मानाची चटई. सामोआत माझ्यासारखी एक घरात असली, की त्या घरातली माणसं चालताना मान वर करून चालतात. मला अक्षर येत नाही, शाळेची पायरी मी पाहिलेली नाही. पण चार पिढ्यांची लग्नं, मयतं आणि भांडणं मी पाहिली आहेत. तेवढं शिक्षण मला पुष्कळ झालं.

माझा जन्म केवड्याच्या पानांतून झाला. आमच्या घरातली थोरली बाई फुआतिनो; तिच्या आजीनं ती पानं उकळली, समुद्राच्या पाण्यात भिजवली, उन्हात पांढरी केली आणि नखानं चिरून दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या काढल्या. मी विणून होईपर्यंत तिच्या घरात दोन पाळणे हलले. शेवटी माझ्या काठाला पोपटाची लाल पिसं लागली. मी इतकी मऊ झाले, की कापडानं लाजावं. हल्लीच्या चटया घाईत उरकतात आणि रंगवलेली कोंबडीची पिसं लावून मिरवतात. मिरवू देत बापड्या.

मोठ्या कार्याला मी बाहेर निघायची. बाकीचे दिवस फुआतिनोच्या गादीखाली. उजेड वाट्याला कमी आल्यामुळे असेल, पण चौकशीची खोड मला जन्माची. कोण आलं, कोण रडलं, कुणाचं काय जळलं, हे पडल्या पडल्या ऐकत राहायचं, हाच माझा विरंगुळा.

एका वर्षी आमच्या गावाशेजारच्या मैदानावर बेटाबेटांच्या मुलींची क्रिकेट स्पर्धा भरली. सगळ्या एकोणीस वर्षांखालच्या. वानुआतुच्या आल्या, फिजीच्या आल्या, कुक बेटांच्या आल्या. इवलाले देश हो! नकाशावर माशी बसली तर झाकून जातील. पण ईर्षा मात्र खंडाएवढी. आमच्या घरातली लांगी, म्हणजे फुआतिनोची नात, सामोआकडून जलद गोलंदाजी करायची. फुआतिनो स्वतः जुन्या पद्धतीचं, तीनधारी बॅटीचं क्रिकेट खेळलेली बाई. लांगीच्या संघातल्या चपट्या बॅटींना ती उलथणी म्हणायची. तरी प्रत्येक सामन्याला जाऊन पुढे बसायची.

वानुआतुशी सामना होता त्या संध्याकाळी दोघी घरी आल्या, त्या भांडतच.

"का मारलास तिला चेंडू?" फुआतिनोचा आवाज.

"राग आला, आजी. माझ्या चेंडूवर चौकार मारला आणि वर हसली."

"हसली म्हणून हाड मोडायचं? मग तू चर्चमध्ये गातेस तेव्हा हसणाऱ्या किती जणांची हाडं मी मोडू?"

मग मला उलगडा झाला. वानुआतुची लेइमारा बॅट खाली टेकवून हातमोजा सारखा करत उभी होती. लांगीनं परत आलेला चेंडू उचलला आणि रागाच्या भरात थेट तिच्या अंगावर फेकला. मनगटाचं हाड मोडलं. पोरीची स्पर्धा तिथंच संपली.

"पंचांनी मला दोन सामने बाहेर बसवलंय ना? झाली की शिक्षा."

"ती कागदाची झाली. घराची अजून व्हायचीय. ऊठ, गादी उचल."

गादी उचलली गेली आणि मला बाहेर काढलं. आमच्याकडे रीत अशी, की ज्या घराच्या माणसानं दुसऱ्याला दुखवलं, त्या घरानं दिवस उगवायच्या आत त्यांच्या दारात जाऊन बसायचं, डोक्यावरून घरातली सर्वांत मोलाची चटई घेऊन. बोलायचं काही नाही. समोरच्यांनी चटई उचलली, तर माफी मिळाली, आणि चटई त्यांची झाली. नाही उचलली, तर बसून राहायचं. पूर्वी अशा वेळी कुऱ्हाडीही निघत.

"त्यांनी उचलली नाही, तर पुन्हा चेंडूला हात लावायचा नाही. कधीच नाही," फुआतिनो म्हणाली.

म्हणजे बघा, उचलली तर माझं घर सुटणार. नाही उचलली तर लांगीचं क्रिकेट. तरीही मला आधी वाटलं ते हेच, की वानुआतुची माणसं कशी असतील बरं?

पाहुण्या मुली गावातल्या शाळेत उतरल्या होत्या. पहाटे आम्ही त्यांच्या दारात पोहोचलो.

"आजी, मी एकटी बसते. तुझे गुडघे..."

"गप्प. घराच्या प्रमुखाची पदवी माझ्याकडे आहे, तर मानही माझीच वाकायला हवी."

दोघी जवळ जवळ बसल्या आणि मी दोघींवर पसरले. उजाडलं. दार उघडलं. केवडा वानुआतुतही उगवतो, म्हणून मला त्यांचं बोलणं समजत होतं. माझ्याखालच्या दोघींना मात्र काही कळत नव्हतं.

"अगं, दारात काय ठेवलंय बघ."

"नाश्ता असेल."

"नाश्ता हलतो का कधी?"

"मग स्वागताचा कार्यक्रम असणार. इथे रोज कसलं तरी स्वागत असतंच. वाजवा टाळ्या!"

आणि त्या कारट्यांनी खरंच टाळ्या वाजवल्या!

"टाळ्या?" माझ्याखालून फुआतिनो पुटपुटली. "इथे माणूस मान खाली घालून बसलंय आणि या मेल्या टाळ्या पिटतायत?"

टाळ्यांच्या आवाजानं संघाबरोबर आलेल्या नेलीमावशी बाहेर आल्या. वयानं मोठ्या, पोक्त बाई. त्यांनी मुलींना दटावलं.

"गप्प बसा गं. चटई आणलीय म्हणजे कुणीतरी माफी मागायला आलंय. आपण रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं? त्यांची एक, तर आपली एक. आपल्याकडे असंच करतात."

त्या आत गेल्या आणि आपली चटई घेऊन आल्या. आणि काय केलं असेल? ती माझ्यावर घातली! जाडजूड, नवी कोरी, भडक रंगाची. चार पिढ्यांची मी, आणि माझ्या डोक्यावर ती कालची पोर! नेलीमावशींना वाटलं, समेट झाला, आता माणसं आपण होऊन बाहेर येतील. त्या समाधानानं आख्ख्या संघाचा चहा टाकायला गेल्या.

खाली अंधार झाला. फुआतिनोनं लांगीचा हात धरला.

"संपलं. उचलायची सोडून पुरलं आपल्याला."

ऊन चढलं. दोन चटयांखाली भट्टी झाली. फुआतिनोचा श्वास मोठा होऊ लागला, तो माझ्या विणीला आतून लागत होता.

"आजी, चल ना बाहेर. नाही खेळत मी. कधीच नाही खेळत. पण तू चल."

"आपण होऊन बाहेर पडलीस, तर माझी नात म्हणवू नकोस."

लांगी रडू लागली. तेवढ्यात माझा एक कोपरा वर झाला आणि खालून एक तोंड डोकावलं. हात प्लास्टरमध्ये, डोळे मोठ्ठे. लेइमारा! माझ्यासारखीच चौकस पोर. शाळेतल्या इंग्रजीत तिनं विचारलं, "तू? इथे काय करतेस?"

"माफी मागतेय."

"कधीपासून?"

"उजाडायच्या आधीपासून."

"आणि या कोण?"

"माझी आजी."

"त्यांनी काय केलं?"

"काहीच नाही."

"मग त्या कशाला बसल्यात?"

लांगी आजीकडे वळली. तिनं प्रश्न आजीला सांगितला. फुआतिनो धापा टाकत म्हणाली, "सांग तिला, तो चेंडू फेकणारा हात मी वाढवलाय."

लेइमारानं तोंड आणखी आत घातलं. मग म्हणाली, "मी तुला नव्हते हसले. बॅटीची कड लागून चुकून चौकार गेला, म्हणून माझं मलाच हसू आलं."

लांगीनं तोंड लपवलं.

"आता मी काय करायचं?" लेइमारानं विचारलं.

"वाटलं तर चटई उचलायची."

ती एका हातानं ओढू लागली. दोन चटयांचा भार, हलेना. लांगीचा हात मदतीला उठला.

"खबरदार!" फुआतिनो गरजली. "ती उचलेल तर उचलेल."

लेइमारानं दातांत माझी कड धरली. धरू दिली मी. जन्मात पहिल्यांदा कुणाचे दात लागू दिले. मग तिनं हाक मारली, तशा सगळ्या मुली धावल्या आणि एका हिसक्यात आम्ही दोघी चटया बाजूला! फुआतिनोच्या तोंडावर वारा लागला. चहाचा पेला घेऊन आलेल्या नेलीमावशी घामानं भिजलेल्या म्हातारीला पाहून जागच्या जागी खाली बसल्या.

निरोप देताना फुआतिनो रडली नाही. माझ्या पिसांवरून हात फिरवत लेइमाराला म्हणाली, "सकाळच्या उन्हात घाल, दुपारच्या नाही. दुमडू नकोस, गुंडाळ. आणि हिच्यावर कुणी बसलं तर मी समुद्र ओलांडून येईन." लांगीनं भाषांतर करताना शेवटचं वाक्य गाळलं. मला राग आला.

लांगी शेवटचा सामना खेळली म्हणतात. कोण जिंकलं ते मला विचारू नका, मी पाहुण्यांच्या पिशवीत होते.

आता मी वानुआतुत आहे. इथल्या केवड्याचा वास जरा निराळा. सवय होतेय. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी, मोलाची वस्तू पडून असेल. तिला कसर लागू देऊ नका, ऊन दाखवा, फाटलं तर वेळेवर सांधा. आणि द्यायची वेळ आली, की हात आखडू नका. फुआतिनोनं मला जपलं, म्हणून त्या सकाळी मी दोघींना पुरले. फाटकी असते, तर एकीचं डोकं उन्हात राहिलं असतं. आणि ते नातीचं नसतं राहिलं.