एका बंदाची पिशवी

मी दवाखान्याची पिशवी बोलतेय. आधी दार लोटून घ्या, आणि हात मला दिसतील असे ठेवा. माझा कोणावर म्हणून विश्वास नाही.

जन्मतः मी अशी नव्हते. मास्तरांनी, म्हणजे या घरातल्या म्हाताऱ्या शिंप्यांनी, पडद्याच्या उरलेल्या कापडातून मला शिवलं. बंद अगदी दुहेरी शिवणीचे. "यात दगड भर. बंद तुटला तर नाव बदलीन," असं बायकोला ऐटीत म्हणाले होते. दोघं मला घेऊन खूप हिंडले. तेव्हा माझ्यात कपडे असायचे, खाऊ असायचा, आणि वाटेतली भांडणं मी फुकटात ऐकायची.

मग मास्तरांना धाप लागायला लागली आणि माझे दिवस फिरले. टॉवेल, पेला, कंगवा, गोळ्या असं सगळं भरून मला दारामागच्या खुर्चीत कायमचं बसवलं. अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आले. तिथून परत आल्यावर मास्तर आपली मनगटं चोळत बसायचे. का, ते कोणी विचारलं नाही.

मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या मुलाला बाजूला घेतलं. "फुप्फुसं पार थकलीत. पुढच्या वेळी श्वासाची नळी परत घालावी लागेल, आणि ती या वेळेसारखी निघेलच असं नाही. घरी बोलून ठरवा."

घरी बोलले की! मास्तर सोडून सगळ्यांशी बोलले. मुलगा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "काहीही होवो, न्यायचं म्हणजे न्यायचं." सून स्वयंपाकघरात सासूच्या कानाशी कुजबुजली, "आई, अजून किती हाल करायचे त्यांचे?" मी लगेच ओळखलं, ही बया कंटाळली. सासू तर हूं की चूं करेना, म्हणून तिचाही संशय आला. गप्प बसणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

एका दुपारी घर सामसूम असताना माझ्या अंगाला गार कात्री लागली. म्हटलं, आली सून! बघते तर मास्तर. धापा टाकत, थांबत थांबत, माझे बंद उसवत होते. वरवर नीट दिसावेत एवढे दोन-तीन टाके तेवढे ठेवले. ज्यांनी जन्म दिला तेच जिवावर उठले! रागाने माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच आठवड्यात मास्तरांना श्वास पुरेना. मुलाने गाडी बोलावली, मला खसकन उचललं, आणि बंद त्याच्या हातात राहिले. मी धप्पकन खाली. पेला गडगडत पलंगाखाली गेला.

सुनेने बंद निरखून पाहिला. शिवण तिला मास्तरांनीच शिकवली होती. "अहो, हा तुटला नाही. कोणीतरी उसवलाय."

"मीच," मास्तर म्हणाले. एकेका शब्दाला दम घेत होते. "तिथे माझे हात बांधले होते... नळी ओढू नये म्हणून. जन्मभर हातांवर जगलो रे मी. म्हटलं, पिशवी तुटली... की तरी थांबून मला विचाराल."

"बाबा, मला सांगायचं तरी!"

"सांगायला गेलो की... तू म्हणायचास, अभद्र बोलू नका."

मुलाने हातातला बंद खाली टाकला. "मग काय, मरू देऊ तुम्हाला?"

"घरी राहू दे. औषध दे... नळी नको."

मुलाने आईकडे पाहिलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "त्यांचं ऐक."

त्याने डोळे पुसले आणि गाडी परत पाठवली. डॉक्टरीणबाई घरी आल्या, त्यांनी धाप कमी करायचं औषध दिलं. मग येतच राहिल्या.

मास्तर त्यानंतर थोडेच दिवस होते. पण खिडकीशी होते, माणसांत होते, आणि हात मोकळे होते. त्या हातांनी त्यांनी माझा एक बंद पुन्हा शिवला, अगदी दुहेरी शिवणीने. दुसरा राहून गेला.

सुनेवर घेतलेला संशय मी मागे घेतलाय. पुरता नाही, थोडा.

आता मास्तरांची बायको मला एका बंदावर खांद्याला अडकवून बटाटे आणायला जाते. परवा सून म्हणाली, "आई, द्या इकडे, दुसरा बंद मी लावून देते."

"राहू दे," ती म्हणाली. "माझ्यासाठी ही भरायची वेळ येईल, तेव्हा तुझा हात तिथे अडेल. मग न्यायचं की नाही, ते आधी मला विचार."

सून "हो" म्हणाली. मी ऐकलंय. लक्ष ठेवून आहे.