रुइशेंगच्या मुठीतला चहा

मेलेल्या माणसाच्या मुठीत आमच्याकडे चहा ठेवतात, पण तो टाकाऊच ठेवायचा असतो. मोडकी देठं, चाळणीखालचा चुरा. परलोकाच्या पुलापर्यंतची तहान भागली की बास. पुलावर मेंगआजी बसलेली असते. तिथे माणसाला परत तहान लागायलाच हवी, म्हणजे तो तिच्या हातचा पेला पितो, सगळं विसरतो आणि पुढच्या जन्माला लागतो. आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आणि माझ्या भावजयीने, पेइलानने काय करावं? माझ्या भावाच्या, रुइशेंगच्या मुठीत कड्यावरचा चहा कोंबला! तीनदा कोळशावर भाजलेला. एक घोट घेतला की दिवसभर घसा ओला राहतो, तो!

मला कळलं तोवर माती पडून गेली होती. "अगं भवाने, काय करून बसलीस हे?" मी ओरडले.

"वन्सं, जन्मभर त्यांनी चांगला चहा केला. जाताना त्यांच्या हातात कचरा देऊ?"

रुइशेंग कड्यावरून पडला तेव्हा तिचं वय तरी काय होतं!

पहिली खुडणी सुरू झाली आणि तो आला. भरदुपारी धुकं उतरलं, आम्ही दोघी सुपात पानं मळत होतो, मान वर केली तर चहाच्या मेजाशी, आपल्या नेहमीच्या जागी, रुइशेंग बसलेला. कपडे पडला त्या दिवशीचेच. ओठ ओलेच्या ओले.

"अक्का, भट्टी जास्त तापलीय," तो म्हणाला.

मी सूप टाकून भिंतीला चिकटले. भट्टी खरंच जास्त तापली होती.

पेइलानला मात्र कसली भीती? ती धावत गेली, चहा केला, आधी स्वतः चाखला, त्याच्यापुढे कप ठेवला. आमच्याकडे चहा ओतला की पाहुणा दोन बोटं मेजावर टकटक वाजवतो, आभार म्हणून. घरच्याने कधी वाजवायची नाहीत. नवी नवरी असताना पेइलानने एकदा वाजवली, तर रुइशेंग दोन दिवस फुगून बसला होता, "मी काय परका आहे का?" म्हणून. त्या दुपारीही त्याने बोटं वाजवली नाहीत. घर अजून आपलंच आहे असं धरून तो आरामात प्यायला, आणि धुकं उठलं तसा गेला.

मग तो रोज यायला लागला. पेइलान वेणीफणी करून वाट बघायची. मी दारात मीठ टाकलं, आरसा टांगला, काही म्हणता काही उपयोग नाही.

आणि इकडे शाओमान. त्यांची लेक, सहा वर्षांची, तोंडाची नुसती टकळी. एक दिवस हातात चमचा धरून विचारते, "याला काय म्हणतात?" आम्ही हसलो. मग तिला विहिरीची वाट सापडेना. मग मैत्रिणीचं नाव आठवेना. आणि एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते, तर हळूच म्हणाली, "आत्या, माझं नाव काय गं?"

तेव्हा मला उमगलं. मेंगआजीचा भरलेला पेला परत जात नाही. ज्याच्यासाठी भरला तो प्यायला नाही, तर त्याच्या रक्तातल्या सगळ्यात धाकट्याला तो प्यावा लागतो. माझा भाऊ इथे बसून चहा ढोसत होता, आणि त्याच्या वाटणीचं विसरणं घोटाघोटाने त्या लेकराच्या घशात उतरत होतं.

त्या दुपारी भीती गिळून मी त्याच्यासमोर उभी राहिले. "जा रे बाबा तू. हात जोडते. पोर संपत चाललीय तुझी."

"कुठे जाऊ अक्का? मला तहानच लागत नाही." मग तो हसला. "तिला माझ्याकडे देऊन टाका ना. ती विसरली तर काय बिघडलं? मला सगळं आठवतं. दोघांना पुरेल."

पेइलानच्या हातातली किटली खाली पडली. त्या क्षणी तिलाही कळलं, हा आता कुणाचा नवरा राहिला नव्हता.

वसंतात पहिली वीज कडाडली की आमचं सगळं गाव डोंगरावर जातं आणि एकेका झाडाला हाक मारतं, "फूट गं, फूट!" धबधब्यामागच्या एका झाडाला मात्र कुणी हाक मारत नाही. ते मेंगआजीचं: त्याच्या पानांनी मेलेल्याला तहान लागते, आणि जिवंत माणूस सगळं विसरतो. पेइलान दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथे गेली, पदरात पानं घेऊन आली आणि स्वतः भाजली. कसलाच वास सुटला नाही. भट्टीपुढे बसून मी खरी घाबरले ती तेव्हा.

अडचण एकच होती. आमच्या घरात चहा करणाऱ्याने आधी प्यायचं, त्याच किटलीतलं. त्याशिवाय रुइशेंग बापाच्या हातचा कपसुद्धा उचलत नसे. मी पेइलानला बजावलं, "घोट तोंडात धर. गिळू नकोस, मेले! तो प्यायला की थुंकून टाक." तिने मान हलवली.

धुकं उतरलं. तो आला. तिने दोन कप भरले, आपला उचलला, घोट घेतला. गाल किंचित फुगलेले. मी शाओमानला पोटाशी धरून कोपऱ्यात उभी.

रुइशेंगने कप नाकाशी नेला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

ती बोलेना.

"पेइलान, कसा झालाय विचारतोय मी."

त्याने कप खाली ठेवायला घेतला. इतक्यात शाओमानने माझा हात ओढला आणि मोठ्याने विचारलं, "आत्या, त्या बाई कोण आहेत?"

पेइलानने लेकीकडे पाहिलं. डोळे भरून पाहिलं. मी मानेने नको नको म्हणतेय, आणि तिने गिळलं.

"छान झालाय," ती म्हणाली. "घ्या."

तो एका दमात प्यायला. त्याचे ओठ बघता बघता सुकले, भेगाळले. "पाणी," एवढंच म्हणाला, आणि उठून पुलाच्या वाटेला लागला. मागे वळून पाहिलं नाही.

धुकं उठलं. शाओमानने डोळे चोळले, आणि "आई!" करून जी धावली ती पेइलानच्या गळ्यातच पडली. पेइलानने तिला हलकेच बाजूला केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "किती गोड मुलगी हो! तुमची का?"

शाओमानला वाटलं आई दमलीय. तिने दुसऱ्या किटलीतला साधा चहा ओतला, दोन्ही हातांत कप धरून न सांडता आणला आणि आईपुढे ठेवला.

पेइलान हसली, आणि दोन बोटांनी मेजावर टकटक केलं.