लोखंडाला मुंडावळ्या

महायुद्ध संपलं तरी साखर रेशनवरच होती, आणि बेलापूरजवळच्या आबासाहेब इनामदारांच्या अंगणात मात्र सकाळपासून बुंदी पडत होती. मोठ्यांच्या दारात कायदासुद्धा चपला काढून उभा राहतो, दुसरं काय! घरात उद्या लग्न होतं.

ओसरीवर दमयंतीबाई लिहीत बसल्या होत्या. नगरच्या एका मास्तरांची ही लेक मानसशास्त्र शिकली आणि पुण्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात बरीच वर्षं राबली. तिथं त्यांनी एकच तऱ्हा पाहिली. रोगी जरा निवला की घरचे त्याला घेऊन जायचे, बोहल्यावर चढवायचे आणि वर्षभरात पुन्हा आणून सोडायचे. "हळद लागली की डोकं ताळ्यावर येतं," हे ऐकून बाईंचे कान किटले. डॉक्टरांच्या तोंडचं कुणी ऐकत नाही, निदान छापलेलं वाचतील, म्हणून त्या नोकरी सोडून पुस्तकं लिहू लागल्या. नाव झालं, तसं आबासाहेबांचं बोलावणं आलं. आमच्या घराण्यावर ग्रंथ लिहा म्हणाले.

"उद्याचा सोहळा नीट बघा, बाई," मिशीवरून हात फिरवत आबासाहेब म्हणाले. "आमचा नवरदेव मांडवात जात नाही. चौरंगावर त्याचा खांडा ठेवतात. मुलगी तलवारीला माळ घालते. जुना रिवाज आहे, थाटात लिहा."

"आणि नवरदेव?"

"आमचे थोरले, मार्तंडराव. माडीवर असतात. वाचन फार त्यांना."

दुपारी घर निजलं तशा बाई माडीवर गेल्या. दाराला कडी होती, आणि ती बाहेरून! खिडकीच्या गजांमागं दाढी वाढलेला एक तरुण भिंतीला टेकून पुटपुटत होता. हा तर त्यांच्याच इस्पितळातला मार्तंड. किती सुधारला होता तिथं, बागेत वाफे करायचा. मग एके दिवशी घरचे येऊन घेऊन गेले होते.

"मार्तंड, ओळखलंस मला?"

तो गजांपाशी आला. "बाई, उद्या माझं लग्न लावतायत. माझी पहिली बायको, रतन, तीपण अशीच आली होती. तलवारीला माळ घालून. मला बघून किंचाळली. परत जाते म्हणाली, तर कुणी जाऊ दिलं नाही. मग विहिरीत सापडली." त्यानं गज घट्ट धरले. "नका लावू देऊ, बाई. मला भीती वाटते."

बाई जिना उतरल्या त्या तडक आबासाहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आबासाहेब, त्या मुलाला उपचार हवेत, बायको नव्हे! एक पोर विहिरीत गेली तरी तुमचं पोट भरलं नाही?"

"आवाज खाली." आबासाहेब जागचे हलले नाहीत. "गरिबाची पोर आहे. पोटभर खाईल, जरीचं लुगडं नेसेल. आणि रोग्याचं गुपित बाहेर फोडायचं नाही, असा नेम असतो ना तुम्हा लोकांचा?"

नेम खरा होता, आणि तो बाईंनी जन्मभर पाळला होता. मेल्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं! पण संध्याकाळभर विचार केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की नवरदेव दाखवा म्हणायला कुठलंच गुपित फोडावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. चौरंगावर शेल्यात गुंडाळलेली तलवार, आणि तिला मुंडावळ्या! लोखंडाला मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं. अंतरपाटाच्या अलीकडं बायडा उभी होती, सोळा-सतरा वर्षांची, पाथर्डीपलीकडच्या आसारामची लेक. इनामदारांनी आपण होऊन मागणी घातली, म्हणून आसाराम हरखून गेला होता. भटजींनी मंगलाष्टकाला सूर लावला, तोच बाई उठल्या.

"आसाराम, जावई पाहिलात का?"

"न्हाई जी." तो गोंधळला. "मोठ्या लोकात दावत न्हाईत म्हनं. आमी गरिबानं कसं इचारावं?"

"बैल घेताना दात बघता ना? मग लेक देताना नवरा तरी बघा."

"बाई!" आबासाहेब कडाडले. "तुम्ही पाहुण्या आहात."

"पाहुणी आहे म्हणूनच बोलते. बाकीचे तुमच्या अन्नाचे मिंधे. नवरदेवाला खाली आणा. माझं दुसरं काही म्हणणं नाही."

मांडवात कुणी वर बघेना. पाटील, मास्तर, तलाठी, सगळे शहाणेसुरते, आणि सगळे आपापल्या पायांकडं बघत बसलेले. आसारामला घाम फुटला. "र्‍हाऊ द्या बाई, लई मोठं घर हाय," तो हात जोडून म्हणाला.

तेव्हा बायडानं अंतरपाट हातानं खाली ओढला.

"बा, मला नवरा दावा. मी तलवारीसंगं नांदायची न्हाई."

"गप बस, पोरी!" आबासाहेब पुढं झाले. आणि तेवढ्यात माडीवरून दारावर धडका बसू लागल्या.

"पोरी, जा! घरी जा! इथं राहू नको!"

आसारामनं वर पाहिलं. मग आबासाहेबांकडं. काय ते त्याला कळलं. त्यानं लेकीच्या हातातली माळ काढून चौरंगावर टाकली. "चल बायडे. आपली भाकरच बरी," म्हणाला, आणि ती दोघं मांडवाबाहेर पडली.

"ग्रंथ बंद," आबासाहेब दात खाऊन म्हणाले. "गाडी जोडलीय तुमची."

"तुमचा बंद. मी माझा लिहिणार आहे. त्यात नावं बदलीन, रिवाज नाही बदलणार."

मार्तंडला इस्पितळात न्यावं म्हणून बाई पुढं दोनदा आल्या. दार उघडलं नाही.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात तोच खांडा दुसऱ्या गावी गेला. मुलगी पोरकी, मामानं उजवली. मांडव असाच भरला होता. त्यात पाटील होते, मास्तर होते, तुमच्याआमच्यासारखी लिहिती-वाचती माणसं होती. नवरदेव कुठाय, असं एकानंही विचारलं नाही. बुंदीच्या पंगतीवर पंगती उठल्या.

वाचकहो, त्या पंगतीला तुम्ही होता का? असाल तर एवढंच सांगा, घास उतरला कसा?