दोन नंबरच्या टाकीची बाधा

मलमाच्या कारखान्यात त्या दिवशी कामापेक्षा दर्शनालाच गर्दी जास्त होती. नवं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाला कामगार ‘महाराज’ म्हणू लागले होते, आणि त्यालाही ते गोड लागत होतं. दोन नंबरच्या टाकीपुढच्या पडद्यावर तो तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि वितळवणे, घोटणे, थंड करणे, भरणे असे चारही टप्पे पटापट हिरवे व्हायचे. पूर्वी हीच टाकी तिसऱ्या टप्प्यावर लाल होऊन अडून बसायची.

“यंत्र माणूस ओळखतं,” महाराज सांगत होते. “मनात खोट असलेला जवळ आला, की ते बिथरतं. माणूस हलवला, बाधा गेली!”

मालकांनी मान डोलावली. मालकांनी डोलावली म्हणून सगळ्यांनी डोलावली.

हलवलेला माणूस म्हणजे मामा. लॅबमध्ये मलम तपासणारी त्याची भाची भिंतीशी उभी होती आणि तिच्या अंगाची लाही लाही होत होती. आईच्या माघारी तिला शिकवलं ते या मामाने. सारी हयात त्या टाकीपाशी घालवलेला माणूस आता मागच्या आवारात रिकामी पिंपं धूत होता. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी कुणी डबा उघडत नसे, आणि महिनाअखेर त्याला घरीच बसवायचं ठरलं होतं. शिकलेसवरलेले लोक, हातात मोबाइल, आणि डोक्यात पनवती!

तिच्या टेबलावर मात्र दुकानांतून परत आलेल्या ट्यूबा पडल्या होत्या. दाबलं की नुसतं तेल यायचं. औषध सगळं तळाशी बसलेलं. मलम गरम असतानाच भरलं की असंच होतं. मग पडदा हिरवा कसा?

महाराज रिकाम्या टाकीवर पुन्हा चमत्कार दाखवू लागले, तशी ती पुढे झाली.

“तिसऱ्या टप्प्यावर जरा थांबा, महाराज. एक नमस्कार माझाही घ्या.”

तिने टाकीतली तापमापकाची कांडी बाहेर ओढली आणि सुपरवायझरच्या वाफाळत्या चहात बुडवली.

“अगं, माझा चहा!”

पडद्यावर हिरवी पट्टी उमटली: मलम थंड झाले. भरण्यास योग्य.

कुणीतरी फिसकन हसलं आणि मालकांकडे बघून गप्प झालं. “यंत्राची लहर असते...” महाराज चाचरले.

“लहर कसली? साहेब, या टप्प्याची सेटिंग उघडा.”

सुपरवायझरने उघडली. पस्तीस अंशांच्या खाली आल्याशिवाय मलम पुढे जाऊ द्यायचं नाही, असं मूळ बंधन होतं. पस्तीसच्या जागी आता नव्व्याण्णव होते. खालच्या नोंदीत दिसत होतं, मामाला हलवलं त्याच दिवशी महाराजांनी तो आकडा बदलला होता. फिटरने टाकीला थंड पाणी पुरवणारी नळी सोडवली, तर आत क्षाराचा थर इतका, की बोट जाईना.

“लाल दिवा खरं बोलत होता,” भाची म्हणाली. “मलम थंड होतच नव्हतं. तुम्ही नळी साफ करायची सोडून माणूस साफ केलात. आणि महाराजांच्या तळहाताखाली ‘पुढे’ लिहिलेलं बटण आहे. ते माझ्या कोपरानेही दाबलं जाईल.”

मालकांनी आवाज खाली आणला. “बाहेर बोलू नका. माल बाजारात गेलाय.”

“भाजलेल्या कातडीवर लोक नुसतं तेल चोळतायत! विक्री थांबवा म्हणून लॅबने दुकानांना कळवलंय.”

मामाला बोलावून आणलं. त्याचे हात अजून ओले होते. डबा घेऊन लांब बसणारेच सर्वांत आधी पुढे धावले.

“मामा, चुकलं आमचं. या टाकीला तुमचाच हात लाभतो. पहिलं बटण तुम्हीच दाबा!”

मामाने ओले हात सदऱ्याला पुसले. भाचीला वाटलं, आता तरी तो हसेल.

“काल पनवती होतो, आज शुभ झालो?” तो म्हणाला. “माझ्या हातात तेव्हाही काही नव्हतं, आत्ताही नाही. नळी चोंदली होती. तुमच्यातल्या एकाने जरी ती उघडून बघितली असती, तरी पुरे होतं. पुढच्या वेळी कुणाला नावं ठेवायच्या आधी निदान बघत तरी जा.”

आणि बटणाला हातही न लावता तो पिंपांकडे परत गेला. भाचीने त्याला थांबवलं नाही.