वाटाणे वाटून ठेवा

पहिला खळगा

मी एक जुना बिडाचा तवा आहे. सपाट नव्हे, माझ्या अंगाला सात खळगे आहेत, सहा कडेने आणि एक मध्ये. म्हणून मित्रांनो, माझी गोष्टही मी खळग्याखळग्याने सांगणार. मधला शेवटी. तो आचेच्या बरोबर डोक्यावर असतो आणि सगळ्यांआधी करपतो, त्यामुळे जाणते हात त्यात पीठ सर्वांत शेवटी ओततात.

दुसरा

वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आलो. खरखरीत, ओबडधोबड. या घरातल्या बाई इस्पितळात परिचारिका. कामावरून आल्या की त्या माझ्यावर तेलाचा हात फिरवत. वर्षभरात मी काळा कुळकुळीत झालो. “माझा गुणी तवा,” त्या म्हणत. पीठ ओता, झाकण ठेवा, उलटा. काही चिकटत नसे.

तिसरा

मग तशाच सात खळग्यांचा, पण लाल दांड्याचा, चकचकीत, हलका तवा आला. मी मागे सरकलो. एकदा बाईंच्या यजमानांनी मदत म्हणून मला साबणाच्या पाण्यात बुडवले आणि विसरले. मला गंज चढला. भंगारात जायचोच, पण बाईंची धाकटी नणंद आडवी आली. ती घरीच शिवणकाम करते.

“टाकता कशाला? माझ्या बटणांना सात घरं झाली.”

पाच वर्षे मी शिवणयंत्राशेजारी बटणे सांभाळली. मधल्या खळग्यात टाचण्या.

चौथा

बाई मुख्य परिचारिका झाल्या. वॉर्डातल्या वीस जणींना त्यांनी घरी खायला बोलावले. मागच्या वेळी बोलावले होते तेव्हा बाईंनी तळायला सोडलेले बटाट्याचे गोळे तेलात फुटले होते. पाहुण्या तोंडावर “छान झालेत” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी झाडाला पाणी घालताना कुंडीतल्या मातीत नऊ गोळे सापडले.

ते बाईंना फार लागले होते. “या वेळी ताट रिकामं परत आलं नाही, तर पुन्हा कुणाला घरी बोलावणार नाही,” त्या म्हणाल्या.

“कुंडीवर झाकण ठेवू का, वहिनी?” नणंदेने विचारले.

पाचवा

बेत साधा होता. पावाच्या भाजलेल्या छोट्या वाट्या, त्यांत आले-मिरचीचे परतलेले वाटाणे. दुपारी बाईंना इस्पितळात जाऊन यायचे होते. जाताना यजमानांना म्हणाल्या, “तेवढे वाटाणे वाटून ठेवा.”

परतल्या तेव्हा पाहुण्या यायला तास उरला होता आणि पातेल्यात हिरवी पेज होती.

“अहो, हे काय केलंत?”

“वाटले. दोनदा फिरवलेत मिक्सरमधून. एक गुठळी सापडायची नाही.”

“वाट्यांत वाटायचे होते. सारखे.”

“मग ‘भरून ठेवा’ म्हणायचं. मी काय मनातलं ऐकतो?”

नणंद इतकी हसली की तिच्या गळ्यातली मोजपट्टी खाली पडली. पण बाई पातेल्याशेजारी तशाच बसून राहिल्या. “सगळ्यांना फोन करून सांगते, येऊ नका,” त्या म्हणाल्या.

नणंदेचे हसू थांबले. लाल दांड्याच्या तव्याचा लेप केव्हाच उडाला होता, त्याला सगळे चिकटे. तिने माझ्याकडे पाहिले. मग मला उचलून आणले आणि सगळी बटणे ओट्यावर ओतली.

“वहिनी, घरात रवा आहे ना?”

“अहो वन्सं, त्याला गंज आहे.”

“माझ्या कात्रीलाही होता.”

मला जाड्या मिठाने घासले. टाचणी राहिली असेल म्हणून दोनदा पालथे आपटले. धुतले, कोरडे केले, तेल, आच, पुन्हा तेल, पुन्हा आच.

सहावा

पहिला घाणा चिकटला. खरवडून टाकला.

मधला

दुसरा घाणा. वाटलेल्या वाटाण्यांत रवा, दही, किसलेले गाजर. खळग्यात तेलाचा थेंब, तेलात मोहरी तडतडली, वर पीठ. नणंदेने धुतलेली विणायची सुई घेऊन कडेने फिरवली.

सुटला. सातही सुटले.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी अकरा घाणे दिले. पावाच्या वाटीत चटणी, चटणीवर माझा गोळा, बाहेरून खरपूस, आत हिरवागार. पाहुण्या बाहेरच्या खोलीत थांबेनात. बशा घेऊन ओट्याशीच उभ्या राहिल्या.

“याला म्हणतात काय?” एकीने विचारले.

“वाटलेले वाटाणे,” यजमान म्हणाले. “कृती माझी.”

बाई हसल्या आणि त्यांनी ते खोडून काढले नाही.

सगळ्या गेल्यावर ताटात चटणीचा डागसुद्धा नव्हता. तरी नणंद पट्टी घेऊन कुंडीकडे गेली आणि माती चांगली उकरून आली.

“वहिनी,” ती म्हणाली, “नुसती माती आहे.”

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद गंजत पडला असेल, तर त्याला साबणात बुडवून विसरू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, पहिला घाणा चिकटला तरी दुसरा घालून बघा.

आणि बटणांची काळजी नको. ती आता लाल दांड्याच्या तव्यात असतात.