शेपटी फुटलेल्या पेशी

दिवाळीनंतर तलावावर हिरवी साय धरली आणि शकूआत्याची बदकं एकामागून एक मेली.

शीळफाट्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, जुन्या आगरी वस्तीला लागून हा तलाव आहे. नवरा गेल्यापासून शकूआत्या त्यात जाळं टाकून चिलापी मासे काढायची आणि संध्याकाळी फाट्यावर बसून विकायची. पण तलावाच्या वरच्या अंगाला टॉवर उभे राहिले, त्यांच्या सांडपाण्याचा नाला तलावात उतरला, आणि तेव्हापासून पाऊस सरला की पाण्यावर ही साय येऊ लागली.

शकूआत्याची भाची कल्पिता कल्याणच्या कॉलेजात पीएचडी करत होती, तीही नेमकी अशी साय धरणाऱ्या शेवाळावर. नील-हरित शेवाळ म्हणतात त्याला. बरणीत साय भरून तिने ती मायक्रोस्कोपखाली पाहिली, तेव्हा ओळखीची जात निघाली. तिचं विष लिव्हरला मारक असतं एवढं तिला माहीत होतं. ते विष पेशीतला डीएनए तोडतं का, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नव्हतं.

"तुटला तर काय होतं गो?" आत्याने विचारलं. ती ओट्यावर बसून जाळं सांधत होती.

"जाळ्याचा दोरा तुटला की तू गाठ मारतेस ना? पेशीपण मारते. पण रोजच दोरे तुटायला लागले, तर एखादी गाठ चुकते. तशा चुका साठत गेल्या, तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. होईलच असं नाही."

आत्याने हातातली गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "बघ तू. पण माझ्या तोंडाकडं बघून नको बघू. जे हाय ते सांग."

आत्याचा पुतण्या विकी बिल्डरांना रेती-सिमेंट पुरवायचा. कल्पिता तलावावर नमुने घेत होती तेव्हा तो बाईक लावून तिच्याजवळ आला.

"ताई, एवढंच लिहून दे की पाणी विषारी हाय. तलाव बुजवायला बाकीचं मी बघतो. इथं प्लॉट पडले तर सगळ्यांचंच भलं हाय."

"टेस्ट झाल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही."

"बदकं मेली ना? अजून काय टेस्ट?"

"बदकं कशाने मेली तेही मला माहीत नाही, विकी. अंदाजाने लिहिलं तर ते कोणीही खोडून काढेल."

टेस्ट करायची ती अशी. साय नसलेल्या, जवळच्या दुसऱ्या तळ्यातल्या माशाच्या रक्तातल्या पेशी सायीच्या अर्कात ठेवायच्या. मग काचपट्टीवर जेलच्या पातळ थरात बसवून त्यांची आवरणं विरघळवायची आणि त्या जेलमधून वीज सोडायची. डीएनए धड असला तर पेशी गोल चेंडूसारखी दिसते. तुटला असेल तर तुकडे पुढे ओढले जातात आणि पेशीला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. जितकी शेपटी लांब, तितकी मोडतोड जास्त.

पहिल्याच खेपेला कल्पिताला सगळीकडे शेपट्या दिसल्या. मग तिने तुलनेसाठी ठेवलेली, अर्क न घातलेली काचपट्टी पाहिली. तिथेही शेपट्याच होत्या.

तिच्या गाइड विनिता मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्या. "विष न लावलेल्या पेशीसुद्धा तुटल्यात. म्हणजे आपण अजून काहीच मोजलेलं नाही."

"मॅडम, सायीच्या काचपट्टीवर जास्त वाटतात."

"वाटतात. तेवढं पुरेल का तुला?"

पुरणार नव्हतं. चूक कुठे झाली ते शोधायला तिने अख्खी पद्धत उलटी तपासली. रसायनं नवी बनवली, तरी शेपट्या येतच राहिल्या. शेवटी तिच्या लक्षात आलं की रक्त ती त्या तळ्यावरच काढत होती. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये, रिक्षातल्या उकाड्यात, कल्याणला पोचेपर्यंत पेशी निम्म्या मरत असणार. पुढच्या खेपेला आत्याने कॅनमध्ये त्या तळ्याचं पाणी भरून त्यात तिथल्याच जिवंत चिलापी सोडल्या. कल्पिता त्या मांडीवर घेऊन रिक्षात बसली, दर थोड्या वेळाने पाणी ढवळत राहिली, आणि रक्त लॅबमध्येच काढलं. ट्यूबलाइटने डीएनए आणखी तुटू नये म्हणून पुढचं काम तिने मंद पिवळ्या दिव्यात केलं.

या वेळी अर्क न घातलेल्या पेशी गोल निघाल्या.

आता दुसरी अडचण होती, आणि ती कल्पिताची स्वतःची होती. उत्तर 'नाही' यावं असं तिला आतून वाटत होतं. आत्याचं घर त्या माशांवर चालत होतं. शेपटी मोजताना हात आखडेल, हे तिला दिसत होतं. म्हणून तिने लॅबमधल्या मेघनाला काचपट्ट्यांवरची नावं चिकटपट्टीने झाकायला आणि क्रम बदलायला सांगितलं.

"माझ्यावरच विश्वास नाहीये तुझा?" मेघना हसली.

"तुझ्यावर आहे. माझ्यावर नाही."

कुठली काचपट्टी कसली हे माहीत नसताना ती पेशी मोजत राहिली. मान अवघडली की उभी राहायची, डोळ्यांवर पाणी मारायची आणि पुन्हा बसायची. शंका आलेली पेशी परत मोजायची. हाच प्रयोग तिने वेगवेगळ्या दिवशी, नव्या माशांवर पुन्हा केला. सगळं मोजून झाल्यावर मेघनाने चिकटपट्ट्या काढल्या.

सायीच्या अर्कातल्या पेशींना शेपट्या होत्या. अर्क जितका तीव्र, तितक्या त्या लांब होत्या. रंग घालून तपासल्या तेव्हा पेशी जिवंत होत्या, म्हणजे डीएनए त्या मेल्यामुळे तुटला नव्हता. साय नसलेल्या त्या दुसऱ्या तळ्याच्या पाण्यात ठेवलेल्या पेशी गोलच होत्या. विनिता मॅडमनी आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, "आता बोलू शकतेस. पण आकडे सांगतात तेवढंच."

गावदेवीच्या देवळासमोर बैठक बसली. पुढच्या ओळीत बसलेल्या आत्याकडे न बघता कल्पिताने सांगितलं, "सायीतलं विष माशाच्या पेशींचा डीएनए तोडतं. माणसाला किती अपाय होतो, हे या टेस्टवरून कळत नाही. पण साय असेपर्यंत या तलावातला मासा खाऊ नये आणि विकू नये."

विकी लगेच उठला. "ऐकलं ना सगळ्यांनी? बुजवा तलाव."

"थांब," कल्पिता म्हणाली. "साय सांडपाण्यावर वाढते. नाला आला नव्हता तेव्हा साय कधी होती? नाला बंद करायला लावू. सांडपाणी सोडणाऱ्यांना मोकळं सोडून तलावाला कशाला शिक्षा?"

कुजबुज सुरू झाली. विकी म्हणाला, "टॉवरवाले तुझं ऐकतील?"

"एकटीचं नाही ऐकणार. माझ्याकडे आकडे आहेत. तुम्ही बरोबर या."

सगळ्यांच्या आधी आत्या उठली. "मी येतंय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने तलावात जाळं टाकलं नाही. पहाटे कल्याणच्या बाजारातून मासळी आणून ती फाट्यावर बसू लागली. मिळकत घटली, दगदग वाढली, पण त्याबद्दल ती कल्पिताला कधी बोलली नाही.

महापालिकेत खेटे घालण्यात हिवाळा गेला. एका साहेबांनी अहवाल न उघडताच बाजूला सारला, तेव्हा कल्पिता म्हणाली, "तुम्ही वाचेपर्यंत आम्ही इथेच बसतो," आणि आत्यासकट गावातल्या बायका खरोखर बसल्या. साहेबांनी अहवाल वाचला. उन्हाळ्यात टॉवरवाल्यांना नाल्याचं तोंड बंद करून सांडपाणी शुद्ध करायचा आदेश निघाला. एका टॉवरचं सांडपाणी बंद झालं, दुसऱ्याचं अजून येत होतं.

अशाच एका संध्याकाळी आत्याने कल्पिताला फाट्यावर बोलावून घेतलं. गिऱ्हाईक नव्हतं. पाटीवर ओलं फडकं टाकून आत्याने बाही वर सारली.

"मी एवढी वर्षं हेच मासे खाल्ले. माझं रक्त बघ."

"आत्या, माणसाचं रक्त असं घेता येत नाही. कॉलेजच्या कमिटीची परवानगी लागते. आणि त्यात काही निघालं तर..."

"निघालं तर निघालं. गावातल्या बाकीच्या बायांना तरी कळंल." तिने बाही खाली केली. "परवानगी कधी मागतंस?"

"उद्या," कल्पिता म्हणाली.