हिराच्या मापाचा ओटा

"अण्णा, फोडू का नको ते एकदाच सांगा. सकाळधरनं छिन्नी धरून बसलोय," गोरख गवंडी म्हणाला.

जालिंदर नळाची चावी तपासत राहिला. चावीला काहीही झालेलं नव्हतं.

मंचरच्या बाजारामागे जालिंदरच्या भाड्याच्या आठ खोल्या. त्यातल्या सात खोल्यांचे ओटे आठवडाभरात फुटून नवे उंच ओटे झाले होते. राहिली होती एक नंबरची खोली, सगळ्यांत आधी बांधलेली.

जालिंदरचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पाऊस तोंडावर आला की वर यायचं. हिरा लग्न होऊन आली ती थेट त्या वाटेलाच लागली. तीन दगडांची चूल, आज या रानात, उद्या त्या रानात. पुढे मेंढरं विकून ही जागा घेतली, तेव्हा तिने एकच मागणं मागितलं, "मला उभ्यानं सैपाक करायचाय." गवंड्याने विचारलं, ओटा केवढा उंच करू? जालिंदरने हिरालाच भिंतीला लावून उभं केलं. बाई चणीने लहान. तिच्या मापाने गवंड्याने पेन्सिलीची खूण केली आणि टेप लावला. सत्तावीस इंच.

मग पुढच्या सातही खोल्यांना त्याने तेच माप दिलं. भाडेकरणी कमरेवर हात ठेवून कुरकुरायच्या. "ओटा बुटका नाय, तुमीच लांब हायेत," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तेवढं सोडलं तर घरमालक लाखात एक. कुणाचा नळ गळतोय म्हटलं की हा पाना घेऊन दारात हजर. खोली रिकामी झाली की नवरा-बायको मिळून ती लख्ख करायचे. तो रंग मारायचा, ती मागून फरशी पुसत यायची.

हिरा जाऊन दीड वर्ष झालं. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. इकडे दोन खोल्या पाच महिने रिकाम्या पडल्या. खोली बघायला आलेली दवाखान्यातली नर्स ओट्याकडे पाहूनच मागे फिरली, तेव्हा जालिंदरने मन घट्ट केलं आणि गोरखला बोलावलं. सात ओटे फुटेपर्यंत ते मन घट्ट राहिलं.

"ह्यो राहू दे," तो शेवटी म्हणाला.

"असं कसं राहू दे?" ओसरीत मांडलेल्या गॅसपाशी बसलेली मंगल उठून दारात आली. जालिंदर-हिरा या खोलीतून वरच्या नव्या घरात गेल्यापासून सहा वर्षं तिचं इथे बिऱ्हाड, आणि उंचीने नवऱ्याच्याही वर चार बोटं. "अण्णा, वाकून वाकून माझी कंबर गेली. काकू व्हत्या तवर बोलले नाय."

"का नाय बोललीस?"

"त्या यायच्या ना हितं दुपारच्या, भाकरी करायला. म्हनायच्या, मंगल, ह्यो ओटा माझ्या हाताचा हाय. वरचा उंच पडायचा त्यांना."

जालिंदरला हसूच आलं. खोल्यांवर त्याने स्वतःचं घर बांधलं त्याला सहा वर्षं झाली होती. चांगला कंत्राटदार गाठून, नव्या पद्धतीचा चौतीस इंची ओटा, वर ग्रॅनाईट. पाहुण्यांना तो आधी ओटा दाखवायचा आणि मग पाणी द्यायचा.

"उंच पडला असता तर बोलली असती की मला."

"पाटावर उभ्या राहून करायच्या. एकडाव पाट सरकला अन् पडल्या. हात मोडला व्हता की त्यांचा तवा."

"ती न्हाणीत पडली व्हती."

मंगलने पदर सारखा केला. गोरखकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमाला तसं सांगितलं व्हतं. मला म्हनल्या, त्यांनी लई हौसेनं बांधलंय, त्यांना वाईट वाटंल. कुनाला बोलू नको."

जालिंदर ओट्यावरच टेकला. हिराच्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा दोन दिवसांत त्याने आख्खी न्हाणी उखडली होती. पाय घसरू नये म्हणून खरबरीत फरशी बसवली, धरायला भिंतीत दांडे ठोकले. गळ्यात हात अडकवून हिरा दारात उभी होती आणि "झ्याक झालं" म्हणाली होती. आठ बिऱ्हाडांतलं थेंबभर गळतं त्याला कळायचं, आणि स्वतःच्या घरात बायको पाटावर चढून भाकरी थापते हे त्याला कळलं नाही. कळणार कसं? तिच्या स्वयंपाकाच्या वेळी तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरात नळ बसवत असायचा. त्याला रडू आलं, आणि परक्या बाईसमोर, गवंड्यासमोर तो रडला.

बऱ्याच वेळाने त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"फोड, गोरख. पन वरचा कडप्पा शाबूत निघाला पायजे."

कडप्पा शाबूत निघाला. दोघांनी तो जपून जिन्यावरून वर नेला. वरच्या ओट्याखाली, तेलाच्या डब्यामागे पाट होता, एक कोपरा तुटलेला. जालिंदरला तो इतकी वर्षं बसायचा पाट वाटत होता. त्याने तो उचलून बाजूला भिंतीशी ठेवला.

"ह्ये ग्रॅनाईट काढ अन् ह्यो बसव," तो म्हणाला.

"किती उंचीवर?"

"सत्तावीस."

गोरखने टेप उघडला आणि तसाच धरून ठेवला. "अण्णा, घरात तुमी एकलेच. एवढे उंच तुमी. कोनासाठी आता?"

"तू माप घे."

चार दिवसांनी सिमेंट वाळलं. सकाळी खालून, मंगलच्या खोलीतून, भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. आता ती ताठ उभी राहून थापत असणार. जालिंदरने कडप्पा ओल्या फडक्याने पुसला, वाकून गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. चहा उकळेपर्यंत त्याची कंबर भरून आली. तरी तो सरळ झाला नाही.